सुशिलाबाईचं बँकॉक

सुशिलाबाईनं काउंटरवरच्या बियाण्याच्या दोन थैल्या कोपरानं बाजूला सारल्या आणि रिकाम्या झालेल्या जागेवर अख्खं बँकॉक पसरलं. गोंदियाच्या झेरॉक्सवाल्याकडून चार कागदांवर काढून आणलेला नकाशा होता तो. चारही कागद तिनं स्वतः चिकटपट्टीनं जोडले होते. जोडताना नदी मधेच बोटभर तुटली, तर तिनं ती निळ्या पेनानं ओढून पुन्हा वाहती केली होती.

"हे पाहा जी," ती म्हणाली. "हा नदीचा एक धुरा, हा दुसरा. राजवाडा इकडच्या धुऱ्यावर, अन् हे उंच देऊळ तिकडच्या. सकाळी इकडचं सगळं उरकून टाकाचं, दुपारी नावेनं पलीकडं. उलटसुलट केलं त दिवसभर पाय तोडत बसा लागते."

काउंटरमागं बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, भैय्यालालनं, 'हूं' म्हटलं आणि फवारणी पंपाचा वायसर शोधायला खाली वाकला. वायसर कोणी मागितला नव्हता.

दवनीवाड्यात धानाच्या रोवणीच्या दिवसांत सुशिलाबाईची अठरा बायांची टोळी असते. शेताच्या कोणत्या तुकड्यातून, बांधीतून, सुरुवात करायची, कोणत्या धुऱ्यानं म्हणजे बांधावरून जायचं आणि कोणत्यानं परतायचं, हे ती आदल्या दिवशीच ठरवते. तिच्या टोळीतल्या बायका रिकाम्या हातानं एक पाऊल चालत नाहीत, असं गाव म्हणतं. तोच हिशेब तिनं आता परदेशाला लावला होता. दोनशे पानी वहीत पहिल्या पानावर 'दिवस पहिला' असं लिहून खाली रेघ मारली होती. कोणतं देऊळ किती वाजता उघडतं, कुठं गुडघे झाकावे लागतात, कुठं चपला काढाव्या लागतात, पाणी कुठं प्यायचं, सगळं. एवढी माहिती मोबाइलवरून काढून काढून तिच्या चष्म्याचा नंबर वाढला असेल.

झालं होतं असं, की धानाच्या बियाण्याची विक्री चांगली झाली म्हणून कंपनीनं भैय्यालालला बँकॉकची सहल दिली होती. सहा दिवस, माणसं दोन. दिवाळीनंतर पत्र आलं त्या संध्याकाळी तो पानठेल्यावर उभा होता. राइस मिलवाला इंद्रकुमार, शाळेपासूनचा दोस्त, शेजारी होता. त्यानं पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "बँकॉक म्हणजे आपण दोघं, पक्का ना?" भैय्यालालच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. तोंडात खर्रा असला की माणूस बोलत नाही, नुसती मान हलवतो. मान हलली. पंधरा दिवसांनी कंपनीनं पासपोर्टचे कागद मागितले तेव्हा इंद्रकुमारचेच गेले.

घरी मात्र पत्र वाचून सुशिलाबाईनं देवापुढं साखर ठेवली होती आणि दुसऱ्याच दिवशी वही विकत आणली होती.

आज सांगू, उद्या सांगू करता करता दोन महिने गेले. सहल मिळालेले बाकीचे दुकानदारही दोस्तालाच नेतात, बायकोला कोण नेतं, असं तो स्वतःला समजावी. पासपोर्ट लागतो हे बायकोला कुठं माहीत आहे, तिला वाटतं रेल्वेसारखं तिकीट काढलं की बसायचं. तारीख जवळ आली की काहीतरी अडचण सांगू, असंही समजावी. आणि वहीचं एकेक पान भरताना पाहिलं की तो उगाच वायसरचा डबा उपसू लागे. वाघापुढून पळता येतं, पण वही घेऊन बसलेल्या बायकोपुढून पळायला जागा नसते.

तेवढ्यात इंद्रकुमारच दुकानात शिरला. नकाशा पाहून थबकला.

"क्या बात है भाभी! पूरा बँकॉक?"

"या ना इंद्रकुमारभाऊ," सुशिलाबाई म्हणाली. "तुमी पन पाहून घ्या."

इंद्रकुमारनं भैय्यालालकडं पाहिलं. भैय्यालालनं छताकडं.

"मी... मी कायले पाहू भाभी?"

"पाहून ठेवलं त बिघडते का काही?"

तिनं मान वर केली नाही. पट्टी घेऊन 'दिवस तिसरा' खाली एक सरळ रेघ ओढली. इंद्रकुमार युरियाचा भाव विचारून निघून गेला. त्याच्याकडं शेत आहे ते बटईनं दुसऱ्याला कसायला दिलेलं, युरियाशी त्याला काय करायचं होतं देव जाणे.

*

उन्हाळी धानाची रोवणी लागली आणि बँकॉक दवनीवाड्याच्या चिखलात उतरलं. वाकून वाकून कंबर भरून आली की बायकांना काहीतरी ऐकायला लागतं. सुशिलाबाई सांगू लागली. तिथं एक पाचूची मूर्ती आहे, तिला ऋतूप्रमाणं कपडे बदलतात. एक देव निजलेला आहे, एवढा लांब की आपल्या शाळेच्या पटांगणात मावणार नाही. भर चौकात चार तोंडांचा ब्रह्मदेव आहे, मोटारवालेही हात जोडून जातात. शहराबाहेर रेल्वेनं गेलं की जुनी राजधानी लागते, तिचं नाव आपल्या अयोध्येवरूनच पडलं. आणि तिथं शहरातच एक सोन्याचा डोंगर आहे. तीनशेवर पायऱ्या. चढताना वाटेत घंटा टांगलेल्या आहेत, ओळीनं. जो तो वाजवत वाजवत वर जातो.

टोळीतली सगळ्यांत जुनी बाई पुष्पाबाई. तिनं हातातली पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची पेंढी तशीच धरून कंबर सरळ केली.

"मंग हे त यात्राच झाली का नाही?"

"यात्राच म्हना," सुशिलाबाई म्हणाली.

बस. एवढं पुरलं. दवनीवाड्यात यात्रेला जाणारा माणूस एकट्याचा राहत नाही. त्याला घरोघरी जेवायला बोलावतात. ज्याला जाता येत नाही तो आपल्या नावाचा नारळ त्याच्याजवळ देतो, आणि निघताना बायका त्याचे पाय धुतात. काशी असो की पचमढी, रीत एकच. बँकॉकला ही रीत लागू नाही असं कुठं लिहिलं होतं?

पहिलं बोलावणं पुष्पाबाईकडूनच आलं. भैय्यालाल पाटावर बसला. समोर वरणभात, भजी, पुरणाची पोळी. पुष्पाबाईचा लेक वाढत होता आणि स्वतः पुष्पाबाई पंख्यानं माश्या वारीत होती.

"भाऊ, तुमी जाऊन राहिले म्हनून समजा आमीच जाऊन राहिलो," ती म्हणाली.

भैय्यालालनं उचललेला पोळीचा घास परत ताटात ठेवला.

नारळाचं मात्र सुशिलाबाईनं आधीच तपासून ठेवलं होतं. विमानात नारळ नेऊ देत नाहीत, तिनं बायकांना सांगितलं, सुपारी द्या. अठरा घरांतून अठरा सुपाऱ्या आल्या. तिनं हिरव्या कापडाची थैली शिवली, त्यात त्या भरल्या आणि वहीच्या शेवटच्या पानावर एकेकीचं नाव आणि मागणं उतरवलं. पुष्पाबाईचा गुडघा. धाकट्या गंगाचं तीन वर्षांपासून रिकामं असलेलं पोट. कोणाच्या लेकाची पोलीस भरती, कोणाच्या सासूची खोकल्याची उबळ, कोणाची हरवलेली कालवड. सोन्याच्या डोंगरावर एका सुपारीमागं एक घंटा, असं ठरलं.

"बँकॉकले कोन यात्रेले जाते बे!" इंद्रकुमार मिलच्या ओसरीवर इतका हसला की त्याला ठसका लागला. "सिद्धा विमान पकडून काशी करून ये मग!"

भैय्यालाल हसला नाही. आज पहिल्यांदा त्याला इंद्रकुमारचे दात फार मोठे वाटले.

*

जायला आठ दिवस राहिले. रविवारी सकाळी सुशिलाबाई अंगणात वालाच्या जातीच्या पोपटाच्या शेंगा सोलत बसली होती. भैय्यालाल दोनदा आंघोळीला निघाला आणि दोनदा परत आला. शेवटी खांद्यावरचा टॉवेल न काढताच तिच्यासमोर उकिडवा बसला.

"राखीची माय," त्यानं लेकीच्या नावानं हाक मारली, "एक सांगाचं होतं."

"सांगा ना."

"ते दुसरं तिकीट..." त्यानं एक शेंग उचलली, "इंद्रकुमारच्या नावानं हाय."

सुशिलाबाईनं हातातली शेंग सोलली. दाणे ताटलीत टाकले, साल टोपलीत.

"मालूम हाय," ती म्हणाली.

"कवापासून?"

"दिवाळीच्या पुढच्याच महिन्यापासून. पासपोर्ट बनवाले महिना लागते. पोलीस घरी येऊन पुसून जाते. तुमचा बनला तवा आलता ना पोलीस, मीच चहा देल्ला त्याले. अन् माहा साधा एक फोटो पन कोनी मागला नाही. मंग मी समजून गेलो."

अंगणात कोंबडी आली, सालांच्या टोपलीत चोच घालून गेली. भैय्यालालला एकदम उन्हाचा चटका लागू लागला, खरं तर सकाळ गार होती.

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुमी सांगाल म्हनून वाट पाहून राहिलो होतो."

यावर गप्प बसायचं सोडून भैय्यालालनं सगळ्या नवऱ्यांनी विचारावा असा मूर्ख प्रश्न विचारला.

"वाईट वाटलं का?"

"वाटलं ना. लगित वाटलं." तिचा आवाज चढला नाही. "चार दिवस पानी भरता भरता रडलो मी. लग्नाले तीस वर्सं झाली, रामटेकच्या पुढं कुठी नेलं तुमी मले? मी का कोना दुसऱ्यासंग जातो म्हनलं होतं? नवऱ्यासंगच त जातो म्हनलं होतं ना?"

त्याच्या हातातली शेंग अजून सोलायची होती. त्यानं ती सोलली. आत एकच दाणा होता, तोही किडका.

"मंग हे वही कायले लिहून राहिली तू?"

"अर्धी झाली होती," सुशिलाबाई म्हणाली. "अर्धी रोवलेली बांधी कोनी सोडून देते का?"

"मी कंपनीले फोन करतो. सायबाले सांगतो..."

"आता काय सांगता? नावं पक्की झाली. इंद्रकुमारभाऊच्या बायकोनं, मंजूनं, त्याईच्यासाठी नवीन बॅग आनली, काल दाखवून राहिली होती मले. कायले कोनाचं मोडता?" तिनं ताटली उचलली. "तुमी जा. वही न्या, अन् वहीपरमानं पाहा. मी दुसरी वही उतरवून घेतली हाय. तिथली घडी आपल्या दीड घंटा पुढं हाय. कोनत्या टायमाले तुमी कुठी असान, मले इथं बसून समजन."

ती आत गेली. ही माया होती की धमकी, हे भैय्यालालला आंघोळ होईस्तोवर समजलं नाही, आणि आंघोळीनंतरही नाही.

*

निघायच्या दिवशी मारुतीच्या देवळापुढं भजनी मंडळ आलं. भैय्यालालच्या आणि इंद्रकुमारच्या गळ्यात झेंडूचे हार पडले. इंद्रकुमारनं त्या दिवसासाठी नवा गॉगल घेतला होता. कपाळावर गुलाल आणि खाली गॉगल असं त्याचं ध्यान झालं. पुष्पाबाईनं दोघांचे पाय धुतले. विमान गाठायला आधी हावड्याची गाडी धरायची होती; त्यासाठी गोंदियाला न्यायला आलेल्या जीपमध्ये बाकीचे दुकानदार बसले होते. ते खिदळत होते आणि मोबाइलवर फोटो काढत होते. भैय्यालालनं कोणाकडंही न पाहता हिरवी थैली सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली.

सुशिलाबाई दुकानाच्या पायरीवर उभी होती.

"पानी उकळलेलंच प्या," ती म्हणाली.

जीप वळणावर दिसेनाशी झाली, तशी ती आत जाऊन काउंटरवर बसली आणि गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तणनाशकाच्या बाटल्या पुसत राहिली.

बँकॉकच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ती अंगणात सडा टाकत होती. मधेच थांबून तिनं हात पदराला पुसले आणि वही पाहिली. 'दिवस दुसरा. सकाळी आठ. सोन्याचा डोंगर. ऊन चढायच्या आत वर पोचणे.' तिनं फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला गेला.

"चढले का जी?"

"आँ? हो. हो, चढलो, चढलो."

"मंग घंटा आल्या असतीन. एक एक सुपारी काढाची अन् एक एक वाजवाची. वाजवा बरं, ऐकू द्या मले."

पलीकडं कुठलीतरी मशीन घूं घूं करत होती, आणि अगदी जवळ कोणीतरी घोरत होतं. ते घोरणं अख्ख्या दवनीवाड्याला ओळखीचं आहे. लग्नात जानोशावर, वऱ्हाडाच्या मुक्कामी, इंद्रकुमारच्या खोलीत कोणी झोपायला तयार होत नाही.

"गर्दी हाय लगित," भैय्यालाल म्हणाला. "मंग वाजवतो."

"बरं."

तिनं फोन ठेवला. राग यायला हवा होता, पण तिला लाज वाटली. आणि ती लाज आपली की त्याची हे तिला सांगता आलं नसतं. अर्धा सडा राहिला होता, तो तिनं पुरा केला.

दुपारी बांधीवर बायकांनी घेरलं.

"वाजली का वो माह्या नावाची?" पुष्पाबाईनं विचारलं.

"गर्दी हाय म्हनते तिथं," सुशिलाबाई म्हणाली. "नंबर नाही लागला अजून."

धाकटी गंगा नुसती पाहत होती. सुशिलाबाईनं खाली वाकून रोवायला सुरुवात केली, आणि त्या दिवशी तिच्या हाताखाली रोप इतकं भराभर लागत गेलं की बायकांना तिच्या बरोबरीनं सरकणं जड गेलं. नवऱ्यासाठी ती याआधी कधी खोटं बोलली नव्हती, म्हणजे गरजच पडली नव्हती. माणूस साधा होता. तीच तर तिची त्याच्याबद्दलची मोठी बढाई होती.

तिसऱ्या दिवशी वहीत जुनी राजधानी होती. सकाळची रेल्वे, खिडकीतून दोन्ही बाजूंना धानाची शेतं दिसतील असंही तिनं लिहून ठेवलं होतं. त्या दिवशी त्याच्याकडून एका उंच इमारतीचा फोटो आला. चौथ्या दिवशी समुद्राचा आला. समुद्र तिच्या वहीत कुठंच नव्हता. तिनं फोन केला नाही. सकाळी उठून वही उघडायची, त्या त्या दिवसाचं पान वाचायचं आणि मिटायची, एवढं तिनं सोडलं नाही.

*

पाचव्या दिवसाच्या पानावर दोनच ओळी होत्या. 'आराम. सामान बांधणे.'

सकाळचे दहा वाजले होते. पुष्पाबाई लेकासाठी खोडकिड्याचं औषध न्यायला दुकानात आली होती. दोन्ही हातांनी गुडघा धरून ती स्टुलावर बसत होती, तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला.

"हालो," भैय्यालाल म्हणाला. त्याला धाप लागली होती.

"काय झालं जी? बरे आहात ना?"

"चढून... चढून राहिलो."

"कुठी?"

"सोन्याचा डोंगर. तू बराबर लिहिलं होतं, तीनशेच्या वर हायेत पायऱ्या. मदात पानी प्याले जागा हाय म्हनून लिहिलं होतं, तेही हाय."

"आज त आराम लिहिला होता मी."

"लिहिला असन." तो थांबला, श्वास घेतला. "बाकीचे बाजारात गेले. इंद्रकुमार म्हने चाल. मी नाही गेलो. तुही वही पाहून तो सारखा हासून राहिला होता, भाभीनं पोट्ट्यासारखा अभ्यास देल्ला म्हने. मले नाही पटलं ते. अन् हे थैली... चार दिवस छातीले टोचून राहिली. रात्री कुशीवर होता येत नोहतं मले."

सुशिलाबाईनं औषधाची बाटली पुष्पाबाईपुढं सरकवली.

"त्या दिवशी मी खोटं बोललो," तो म्हणाला. "लॉजवर झोपलो होतो."

"मालूम हाय."

"तुले सगळंच कसं मालूम असते वो?"

"इंद्रकुमारभाऊ घोरून राहिले होते."

पलीकडं भैय्यालाल हसला की खोकला, कळलं नाही. मग कागद उलटल्याचा आवाज आला. शेवटचं पान.

"पुष्पाबाईचा गुडघा," तो मोठ्यानं म्हणाला, सातबारा वाचावा तसा.

आणि घंटा वाजली. फोनमधून ती लहानशी ऐकू आली, तरी दुकानभर ऐकू आली. सुशिलाबाईनं फोन कानावरून काढला आणि स्पीकर चालू करून काउंटरवर ठेवला. पुष्पाबाईनं आधी कपाळाला हात लावला, मग तोच हात गुडघ्यावर फिरवला.

"भाऊनं आठवन ठेवली वो," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

एकेक नाव येत गेलं. गंगाचं नाव घेऊन त्यानं घंटा दोनदा वाजवली, ते वहीत नव्हतं. पोलीस भरती झाली, खोकला झाला, कालवड झाली. अठरा झाल्या. मग वाऱ्याचा आणि पायऱ्यांवरच्या पावलांचा आवाज येत राहिला.

"वर पोचलो," भैय्यालाल म्हणाला. "इथून अख्खं शहर दिसते, राखीची माय. तू सांगितले ते देवळं दिसतात. नदी दिसते. आपल्या वैनगंगेएवढी असन. वळनंही तू काढले तसेच हायेत."

"गार वारा लागत असन," ती म्हणाली. "कान बांधा."

"रस्ता एकदा पन चुकलो नाही. एकट्यानं आलो, नावेनं, पैदल, कोनाले पुसलं नाही. पन एक चुकी हाय तुह्या वहीत."

सुशिलाबाई ताठ झाली. तिच्या टोळीत तिची चूक आजवर कोणी काढली नव्हती.

"काय चुकी हाय?"

"जागोजागी दोन मानसं लिहून ठेवले हायेत. नावेचे तिकीट दोन. पान्याच्या बाटल्या दोन. इथं चढताना मदात बसाचं, तिथंही लिहिलं, दोघांनी बसने." त्याचा आवाज जरा उतरला. "बसलो मी तिथं. बाजूची जागा रिकामी होती."

पुष्पाबाईनं उगाच औषधाची बाटली उचलून तिच्यावरचं बारीक अक्षर वाचायला घेतलं. तिला वाचता येत नाही.

"तुह्यापाशी," भैय्यालाल म्हणाला, आणि पुन्हा थांबला. "तुह्यापाशी पासपोर्ट साइजचा फोटो हाय का वो एखादा?"

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. सुशिलाबाईनं आपली वही जवळ ओढली.

"मागून पांढरा असलेला लागते," ती म्हणाली.

"मले का मालूम. असन. मी आलो का काढून घेऊ, गोंदियाले जाऊन."

"कायले?" ती म्हणाली. "हायेत."

तिनं आपल्याजवळच्या त्या दुसऱ्या वहीचं प्लास्टिकचं कव्हर मागच्या बाजूनं सोडवलं. आत एक छोटं पाकीट होतं, गोंदियाच्या फोटो स्टुडिओचं, कडेनं मळलेलं. पाकिटावर स्टुडिओवाल्यानं पेनानं तारीख घातली होती. कंपनीचं पत्र ज्या दिवशी आलं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची. आत आठ फोटो होते, आठच्या आठ, एकही कमी झालेला नव्हता.

फोन अजून चालूच होता. भैय्यालाल तिकडून 'हालो, हालो' करत होता.

पुष्पाबाईनं हात लांब करून एक फोटो घेतला आणि उजेडाकडं धरला. मोतिया रंगाचं लुगडं, चापून बसवलेले केस, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"चांगला आला वो," ती म्हणाली. "पन हासली काऊन नाही?"

"पासपोर्टले हासलेला चालत नाही," सुशिलाबाई म्हणाली.